पाडायची भिंत

आमच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी भिंती पाडल्या जात. दिवसभर मन लावून बांधलेल्या, ओळंब्याला बरोबर उतरलेल्या, एखादी तर इतकी देखणी की तिच्यावरून हात फिरवावासा वाटे. उजेड उतरू लागला की शिकवणारे मास्टरमोशाय टाळी वाजवत आणि शिकणारी माणसं आपापल्या भिंतीच्या मागे जाऊन उभी राहत. मग वरच्या थरापासून एकेक वीट सोडवायची, तिला चिकटलेला माल खरवडायचा, विटा रचून ठेवायच्या, माल चाळून पुन्हा ढिगावर टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच विटा, तोच माल आणि नवी भिंत. हे जमावं म्हणून मालात सिमेंट नसे, फक्त चुना आणि वाळू. दिसायला माल, धरायला माल, पण ओढलं की सुटणारा.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही. पाडण्यासाठी भिंत बांधू देणारी जागा मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी स्थापत्य अभियंता आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे सरकारी कॉलेजात गेले आणि नोकरीने मला कोलकात्याला आणलं. न्यू टाउनच्या टोकाला आमच्या कंपनीच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या कुंपणाला लागून पत्र्याची ही शेड आहे. आधीपासून साइटवर राबणाऱ्या मजुरांना तिथे गवंडीकाम शिकवतात. जागा कंपनीची, बाकीचा खर्च कामगार कल्याण मंडळाचा. कंपनीच्या बाजूने त्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

मंडळाकडे पैसे येतात ते बांधकाम करणाऱ्यांकडूनच. इमारत बांधणाऱ्या प्रत्येक मालकाने खर्चातला एक टक्का उपकर म्हणून भरायचा, असा कायदा आहे. त्यातून मजुरांची आजारपणं, बाळंतपणं, मुलांची शिक्षणं आणि हे असं शिकवणं चालतं. शिकायला येणाऱ्याची त्या दिवसांची बुडालेली मजुरीही त्यातूनच मिळते.

आमच्या साइट मॅनेजरना हे सगळं फुकट गेल्यासारखं वाटे. ते बंगाली गृहस्थ, माणूस मनाने चांगला, पण शेडकडे पाहून टोमणा मारल्याशिवाय त्यांचा चहा उतरत नसे.

"काय मॅडम, आज किती भिंती पाडल्या?"

"सगळ्या, सर."

"छान. म्हणजे आमच्या पैशाने बांधायचं आणि आमच्याच पैशाने पाडायचं. बरं, शिकून तयार झाले की हे लोक आपल्याकडे येणार का? नाही. समोरच्या ठेकेदाराकडे जाणार."

"आणि समोरच्याच्या पैशाने शिकलेले आपल्याकडे येणार."

"ते अजून यायचे आहेत," ते म्हणत आणि हसत निघून जात.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण मला जे म्हणायचं होतं ते चहाच्या टेबलावर म्हणण्यासारखं नव्हतं. माझी आई बिगारी होती. बाबा लवकर गेले. त्यानंतर आमच्या गावात जिथे बांधकाम निघेल तिथे ती जाई. साडीवर बाबांचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ, त्यावर घमेलं. कुणीतरी तिची मजूर म्हणून नोंद करून दिली होती, आणि मी बारावी झाल्यावर त्या नोंदीच्या जोरावर मला इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती मिळाली. पैसे सरकारने दिले, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. ते असेच उपकरातून आले होते हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्या दिवशी मी साइटवरून घरी येताना बसच्या खिडकीतून परांच्या पाहत होते. आमच्या राज्यात कुठेतरी कुणीतरी एक दुकान बांधलं असेल, एक दवाखाना, एक लग्नाचं कार्यालय. त्या माणसाने कुरकुरत पैसे भरले असतील. आणि त्यातून माझ्या हॉस्टेलच्या खोलीत दिवा लागला. त्याला मी माहीत नाही, मला तो माहीत नाही. अजूनही एखादी अर्धी बांधलेली इमारत दिसली की मला वाटतं, हिच्यातून कोण शिकतंय कोण जाणे.

त्या वेळच्या तुकडीत बायका थोड्याच होत्या. त्यातल्या एकीला सगळे मेजोबौ म्हणत. बंगालीत त्याचा अर्थ घरातली मधली सून. ती सुंदरबनाकडच्या खाडीकाठच्या गावातून सासरच्या माणसांबरोबर कामाला आली होती, तिथे घरात जे नाव होतं तेच साइटवर चिकटलं. सडपातळ, कमी बोलणारी, साडीवर निळा पुरुषी शर्ट घालणारी. तो शर्ट पाहूनच मी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहिलं होतं.

तिचं काय पणाला लागलं होतं ते शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. दुर्गापूजा झाली की त्यांची टोळी कामासाठी दक्षिणेत केरळकडे जाणार होती. टोळीबरोबर जायचं तर मुलीची शाळा सुटणार, आणि मेजोबौ तिथेही घमेलंच उचलणार. पण रस्त्यापलीकडे लाल विटांची एक शाळा बांधली जात होती. तिथला ठेकेदार तिला म्हणाला होता, शेडमधली परीक्षा पास झालीस तर मी तुला मिस्त्री, म्हणजे गवंडी म्हणून घेतो, नवऱ्यालाही काम देतो. दोघांनी इथे राहायचं, मुलीने इथेच शिकायचं. सगळं त्या परीक्षेवर होतं. मंडळाचा परीक्षक तुकडीसाठी एकदाच येई. पुढच्या खेपेला तो कधी येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"तुला भीती वाटते का?" मी तिला एकदा विचारलं.

"उंचावर चढायची वाटत नाही," ती म्हणाली. "खाली उभं राहून कुणीतरी माझी भिंत बघणार, त्याची वाटते."

सप्टेंबरात, गौरी-गणपती उरकून आई माझ्याकडे आली. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. टीव्ही बंगालीत, शेजारी दार बंद करून बसणारे, खाली भाजीवाल्याला "अच्छा है ना" एवढंच म्हणता येई. चौथ्या मजल्यावरून ती दिवसभर समोरची क्रेन बघत बसे. शेवटी म्हणाली, "मला तुझ्या कामावर ने. मी कुठेही बसंन."

तिला शेडमध्ये आणलं तेव्हा भिंती बांधणं चालू होतं. ती दारातच थांबली.

"हे कुणाचं घर बांधतायत?"

"कुणाचं नाही. शिकतायत. संध्याकाळी पाडणार."

"पाडणार?"

"मग उद्या परत बांधणार."

"आणि मजुरी?"

"मिळते ना. शिकायच्या दिवसांची मिळते."

मग तिने बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने मेजोबौकडे खूण केली. "ती बाई थापी धरतीये."

"हो."

"गवंडी काही म्हणत नाही?"

मला तेव्हा तिची जुनी गोष्ट आठवली, तिने एकदाच सांगितलेली. तरुणपणी एका साइटवर गवंडी विडी ओढायला गेला असताना तिने त्याची थापी उचलून एक वीट लावून पाहिली होती. तो आला, त्याने वीट काढून टाकली आणि थापी पाण्यात खळखळून धुतली, सगळ्यांसमोर. मारलं नाही, बोलला नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं," आई म्हणाली होती. त्यानंतर तिने आयुष्यभर माल कालवला आणि वर पोचवला. माल मात्र असा कालवी की गवंडी तिला मागून घेत. चिमूट बोटांत चोळून ती सांगे, ह्यात सिमेंट कमी आहे, ह्यात वाळूला माती लागलीय. मालात सिमेंट चोरणाऱ्या मुकादमांना ती दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त नावं ठेवी.

मास्टरमोशायांनी खुर्ची मागवली. ते साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशांचे, सगळं आयुष्य मिस्त्रीकाम केलेले गृहस्थ. "माशिमा, बसा," ते हिंदीत म्हणाले. बंगालीत मावशीला असं मानाने म्हणतात. आई खुर्चीच्या कडेवर टेकली. पुढचे काही दिवस ती रोज माझ्याबरोबर येऊ लागली.

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी मला सॉल्ट लेकमधल्या कार्यालयात जावं लागलं. मास्टरमोशाय बाजारात मूर्ती आणायला गेले होते. शिकणाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की सकाळी त्यांनी दाखवायला बांधलेली भिंत समोर ठेवा आणि तशीच काटकोनात वळणारी आपापली भिंत बांधा, कारण परवा परीक्षेत हीच येणार. पूजेचा एक दिवस मध्ये, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षक.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे दाराबाहेर डबे उघडून बसले, आणि आईला रिकामं बसवेना. मालाचा ढीग समोर होता. तिने चिमूट घेतली, चोळली आणि तिचा चेहरा बदलला. मग तिने शेडमध्ये इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली सिमेंटची पोती होती, शेवटच्या गिलाव्याच्या धड्यासाठी ठेवलेली. तिने पदर खोचला.

"माशिमा, आप क्यों?" कुणीतरी म्हणालं.

"तुम खाओ. मैं करती," आई म्हणाली.

माल कालवण्याचा सगळ्यांनाच कंटाळा. आयता कालवलेला मिळतोय म्हटल्यावर कुणी उठलं नाही. दुपारी तो माल थापीवर घेताच एक पोरगा म्हणाला, आज काय लोणी झालंय. मेजोबौनेही आईकडे पाहून मान हलवली. चुन्यात वाळू आणि वर सिमेंट म्हणजे मालाला जी चिकटाई आणि मऊपणा येतो तो त्यांनी या शेडमध्ये कधी अनुभवला नव्हता. भिंती गुडघ्यापर्यंत आल्या. रंग जरा काळपट वाटला असेल, पण आभाळ भरलेलं होतं आणि पत्र्याखाली सगळंच काळपट दिसत होतं.

त्या संध्याकाळी भिंती पाडल्या नाहीत. पूजेच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊन, तेल लावून ठेवतात, मग कुणी त्यांना हात लावत नाही. आणि पूजेच्या दिवशी तर कोलकात्यात कुठल्याच कारखान्यात, गॅरेजात, साइटवर हत्यार उचलायचं नाही असा रिवाज आहे. दिवसभर विश्वकर्म्यापुढे मांडून ठेवायची. मास्टरमोशाय मूर्ती घेऊन आले, भिंतींकडे लांबूनच पाहून म्हणाले, "राहू देत. परवा सकाळी पाडू, परीक्षेला विटा लागतीलच."

पूजेच्या दिवशी शेड ओळखू येत नव्हती. कागदी पताका, स्पीकर, हत्तीवर बसलेला विश्वकर्मा. बाहेर आभाळभर पतंग. त्या दिवशी या शहरात पोरांबरोबर मोठी माणसंही गच्चीवर असतात. मूर्तीपुढे सगळ्यांच्या थाप्या, ओळंबे, हातोड्या एका रांगेत मांडलेल्या आणि प्रत्येकीवर शेंदराचा टिळा आणि एक झेंडूचं फूल. आई रांगेपुढे उभी राहिली.

"ह्यात तिची कुठली?"

मी मेजोबौला विचारलं. तिने दाखवली. मधोमध होती, बाकीच्यांसारखीच, तिच्यावरही टिळा आणि फूल. भटजींनी प्रत्येक हत्यारावर पाणी शिंपडलं, तसं तिच्यावरही शिंपडलं.

आई त्या थापीकडे इतका वेळ बघत राहिली की मागच्यांना पुढे यायला जागा होईना. "चल गं," मी म्हटलं. ती हलली, खिचडीच्या पंक्तीला बसली, पण तिचं जेवणात लक्ष नव्हतं. एकदाच म्हणाली, "धुवायची तर अशी धुवावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये शांतता होती. परीक्षक यायला थोडाच वेळ होता. मास्टरमोशायांनी दाखवायला बांधलेली भिंत सुटून तिच्या विटा रचल्याही होत्या. बाकीच्या भिंती मात्र जशाच्या तशा उभ्या. एक पोरगा वरची वीट दोन्ही हातांनी ओढत होता. वीट जागची हलली नाही. त्याने हातोडीने टोला दिला. विटेचा तुकडा उडाला, सांधा तसाच राहिला.

मास्टरमोशायांनी खाली बसून सांध्यावर नख घासलं. मग ते हळूहळू मान वळवून सिमेंटच्या पोत्यांकडे बघू लागले.

"काय झालं?" आईने मला विचारलं.

मी तिला सांगितलं. माल मुद्दाम कच्चा ठेवतात, विटा पुन्हा वापरायला, आणि आता परीक्षेला विटा नाहीत. हे सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघायला नको होतं.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "मला वाटलं चोरी करतायत. गरिबाला शिकवताना बी सिमेंट मारतायत." आणि मग अगदी हळू, "आता त्या पोरीचं काय?"

मास्टरमोशायांना मराठी कळत नव्हतं, पण काय झालं ते कळायला भाषा लागत नव्हती. ते उठले आणि आईसमोर हात जोडून म्हणाले, "माशिमा, सगळं आयुष्य या धंद्यात गेलं. माल वाईट निघाला म्हणून डोक्याला हात लावायची वेळ पुष्कळदा आली. माल चांगला निघाला म्हणून आजच आली."

दोघंचौघं हसली. आई हसली नाही. मेजोबौ तर आमच्याकडे बघतही नव्हती. ती आपल्या भिंतीपाशी उभी होती, एक तळवा भिंतीवर ठेवून.

मी मॅनेजरांकडे धावले. "सर, विटा हव्यात. आत्ता."

"आपल्या साइटवर विटा?" ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात ना?" त्यांचं बरोबर होतं. आमच्या इमारतींत वीट वापरतच नाहीत, सगळे राखाडी हलके ब्लॉक. त्यांनी माझ्यासमोर विटांच्या दुकानदाराला फोन लावला. पूजेनंतर गाडीवाले अजून कामावर आले नव्हते. त्यांनी दुसऱ्याला लावला, मग तिसऱ्याला. टोमणा न मारता ते माझ्याबरोबर शेडपर्यंत चालत आले, हे मला आजही आठवतं.

तोवर परीक्षक आले होते. चष्म्याचे, हातात स्वतःचा ओळंबा असलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मास्टरमोशायांनी त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. परीक्षक म्हणाले, "वाईट झालं. पण विटांशिवाय परीक्षा कशी घेणार? मला आजच पुढच्या केंद्रावर जायचं आहे."

तेव्हा मेजोबौ बोलली. तिचा आवाज इतका बारीक होता की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"मास्टरमोशायांच्या भिंतीच्या विटा सुटल्यात. ढिगात थोड्या उरल्यात. त्या वाटून घेतल्या तर प्रत्येकाला काही थर येतील. आम्ही ह्याच भिंतींवर पुढे बांधतो."

"खालचा भाग मी बांधताना पाहिलेला नाही," परीक्षक म्हणाले.

"तो मोजा ना."

"मोजीन. पण समजून घ्या. खाली वाकडं असेल तर वरचंही वाकडं जाईल, आणि मी दोन्हींचे गुण कापीन. नवी भिंत बांधताना निदान सुरुवात तरी आपल्या हातात असते."

शेडमध्ये लोक एकमेकांकडे पाहू लागले. ती सरावाची भिंत होती, पाडायची म्हणूनच बांधलेली, मास्टर बाजारात गेलेले असताना, आयता माल हाताशी आल्याच्या खुशीत. अशा भिंतीवर स्वतःची परीक्षा कोण ठेवील? पण दुसरा रस्ताही नव्हता. मास्टरमोशाय म्हणाले, ज्याला द्यायची नाही त्याने पुढच्या तुकडीत यावं, मी शब्द टाकीन. दोघं मागे सरले. बाकीचे राहिले.

विटा वाटल्या गेल्या. माल या वेळी मास्टरमोशायांनी स्वतः कालवला. आई शेडच्या दारात, उन्हात जाऊन बसली. मी आत ये म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाली.

परीक्षकांनी आधी सगळ्यांचे खालचे भाग तपासले. कुणाची भिंत मध्ये फुगलेली, कुणाचा काटकोन उघडलेला. ते लिहीत गेले. मेजोबौच्या भिंतीपाशी आले, कोपऱ्यावर ओळंबा सोडला आणि दोरी स्थिर व्हायची वाट बघत राहिले. तळाशी शिशाचा गोळा आणि वीट यांत बारीकशी फट होती.

"इथे गेलंय," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्या थराला गेलं. वर येताना थोडं थोडं काढत आणलं."

ते ओळंबा हळूहळू वर घेत गेले. फट कमी होत गेली, आणि वरच्या थरापाशी दोरी भिंतीला अगदी लागून उभी राहिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सरावाच्या भिंतीत चूक काढत बसलात? ती तर तुम्ही पाडणारच होतात."

मेजोबौला प्रश्नच नीट कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "पाडायची भिंत वेगळी कशी बांधतात ते मला येत नाही," ती म्हणाली. "इथे एकच प्रकार शिकवला."

मास्टरमोशाय दुसरीकडे पाहू लागले.

मग तिने उरलेले थर बांधले. मी तिच्या हातांकडे बघत होते आणि मला काही नवीन सुचत नव्हतं, इतकंच वाटत होतं की हे सगळं किती लांबून आलंय. या शहरात कुणीतरी पूल बांधला, कुणी ऑफिस, कुणी फ्लॅट. त्यांनी भरलेल्या पैशातला एक कण या पत्र्याखाली आला, एक वीट झाला, चुना झाला, एका बाईची बुडालेली मजुरी झाला. ती वीट हातात घेणाऱ्या बाईला हे देणारे माहीत नाहीत. आणि देणाऱ्यांना ठाऊक नाही की त्यांच्या पैशाने कुणीतरी ओळंबा सोडून दोरी थांबायची वाट बघायला शिकलंय. मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी इथे आत कधी आलोच नव्हतो."

संध्याकाळच्या आत निकाल सांगितला गेला. मेजोबौ पास झाली. तिने आधी थापी धुतली, पुसली, मग शेडच्या दारात आईसमोर जाऊन वाकून पायाला हात लावला. आई दचकून मागे सरकली.

"पास?" आईने विचारलं. हा शब्द दोघींनाही येत होता.

"पास," मेजोबौ म्हणाली.

आईने तिचा हात धरला आणि सोडला नाही. रडली मात्र नाही. रडली ती घरी येऊन, भात कुकरला लावताना.

दुर्गापूजेनंतर टोळी दक्षिणेकडे गेली. मेजोबौ, तिचा नवरा आणि मुलगी राहिली. आई परत जायच्या आधी मी तिला रस्त्यापलीकडे शाळेच्या साइटवर घेऊन गेले. तळमजल्याच्या खिडकीवरची भिंत वर येत होती. परांचीवर तोच निळा शर्ट होता. खाली माल कालवणारी एक नवी बाई, तीही गावाकडून नुकतीच आलेली दिसत होती.

आई कुणाशी न बोलता आधी मालाच्या ढिगापाशी गेली. चिमूट घेतली, बोटांत चोळली.

"माशिमा," वरून मेजोबौ हसत ओरडली, "या वेळी सिमेंट आहे. ही पाडायची नाही."

"कळलं," आई मराठीतच म्हणाली. "चांगलाय."

तेवढ्यात वरून रिकामं घमेलं खाली आलं. नवी बाई पाणी आणायला गेली होती. आईने ते घमेलं घेतलं, फावड्याने भरलं आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही हातांनी उचलून डोक्यावरून वर धरलं. इतकी वर्षं ती अशीच घमेली वर देत आली होती. मेजोबौ परांचीवर गुडघे टेकून खाली वाकली आणि तिने ते घेतलं. आई हात वर तसेच ठेवून क्षणभर उभी राहिली, मेजोबौने मालात थापी घातली तोपर्यंत.